एका निळ्याभोवती दालन: अजिंठ्याच्या रंगांवर प्रदर्शन कसं उभारावं

कला, विज्ञान आणि इतिहास एकत्र आणणारं प्रदर्शन करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली चूक पहिल्याच बैठकीत होते. हॉलच्या तीन भिंती तीन विषयांना वाटून दिल्या जातात. एका भिंतीवर चित्रं, दुसऱ्या भिंतीवर सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक सूत्रं, तिसऱ्या भिंतीवर सनावळी. बघणारा चित्रांपाशी रेंगाळतो, सूत्रांपाशी फोन काढतो आणि सनावळीच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत दमलेला असतो. तीन विषय एका छताखाली आले, पण एकमेकांशी बोललेच नाहीत.

यावरचा उपाय मांडणीत नाही, निवडीत आहे. विषय नंतर, आधी वस्तू निवडायची. आणि तीही अशी, की तिच्यासमोर उभं राहिल्यावर एकच प्रश्न विचारला तरी उत्तर देताना तिन्ही विषयांना हात घालावा लागेल. या लेखात उदाहरणासाठी अजिंठ्याची भित्तिचित्रं घेतली आहेत. गावातलं छोटं संग्रहालय, महाविद्यालय किंवा ग्रंथालयाचा २५ बाय ३० फुटांचा हॉल आणि २० आठवड्यांची तयारी गृहीत धरली आहे. उद्घाटन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवा. पावसाळ्यात दमट हवेत कागद फुगतो, गिलावा सुकत नाही आणि उसन्या वस्तू द्यायला कुणी तयार होत नाही.

पहिले दोन आठवडे: प्रश्न शोधा

‘अजिंठ्याची कला’ हा प्रदर्शनाचा विषय होऊ शकत नाही. तो ग्रंथाचा विषय आहे. हॉलला पेलेल असा प्रश्न लागतो. आमच्या मते अजिंठ्यातला सर्वांत फळणारा प्रश्न निळ्या रंगाचा आहे.

अजिंठ्याच्या लेण्यांचे दोन मोठे कालखंड मानले जातात. नऊ आणि दहा क्रमांकाच्या चैत्यगृहांतला जुना थर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला. एक, दोन, सोळा, सतरा ही लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या आसपासच्या काळातली. जुन्या थरात लाल, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा आहे; लाजवर्दाचा निळा नाही. नंतरच्या लेण्यांत तो आहे. हा निळा लाजवर्द, म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतला राजावर्त, या दगडाचा. तो येई आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. अजिंठ्यापासून ते अंतर सरळ रेषेतही सुमारे १,८०० किलोमीटर भरतं. उलट हिरवा रंग घरचा आहे: दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत, गारगोट्यांच्या कडेनं हिरव्या मातीचा पापुद्रा असतो, त्याचाच.

आता बघा, एका निळ्या ठिपक्यापाशी काय काय गोळा झालं. चित्रकारानं एवढा दुर्मीळ रंग चित्रात नेमका कुठे वापरला, ही कला. दगडातून रंग कसा निघतो आणि हजार-दीड हजार वर्षं टिकतो का, हे विज्ञान. तो दगड इथवर आणला कुणी, पैसा कुणाचा, आधीच्या काळात का आला नाही, हा इतिहास. तिन्हींना वेगळी भिंत देणं आता शक्यच नाही. तुमच्या गावात विषय वेगळा असेल: पैठणीची जर, तांबट आळीतलं भांडं, जुनं पंचांग. पण ठिपका असाच शोधा.

प्रश्न सापडला की तो एका वाक्यात लिहून कामाच्या खोलीत भिंतीवर चिकटवा: ‘अजिंठ्यात निळा कुठून आला आणि त्यानं काय बदललं?’ पुढच्या १८ आठवड्यांत कुणीही नवी कल्पना आणली की ती या वाक्यावर घासून बघायची. उत्तरात भर घालत नसेल तर बाजूला ठेवायची. सगळ्यात जड निर्णय हेच असतात, कारण वगळावं लागणारं बरंचसं चांगलंच असतं.

यादी: प्रत्येक वस्तूला तीन रकाने

एक साधा तक्ता करा. डावीकडे वस्तू, पुढे तीन रकाने: डोळ्यांना काय दिसतं, पदार्थ काय आहे आणि कसा वागतो, कुणाचा हात लागला आणि कधी. ज्या वस्तूचा एकच रकाना भरतो ती यादीतून काढा. दोन भरले तर विचार करा. तिन्ही भरले तर ती दालनाचा खांब. एवढ्या हॉलला १८ ते २२ गोष्टी पुरतात. चाळीस मांडल्या तर लोक चालत राहतात, थांबत नाहीत.

गट छोटा ठेवा: इतिहासाचा जाणकार, चित्रकला शिक्षक, रसायन किंवा भूशास्त्र शिकवणारी व्यक्ती, सुतार, वायरमन आणि लिहिणारी एक व्यक्ती. सुतार आणि वायरमन यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. आराखडा पूर्ण झाल्यावर त्यांना बोलावलं तर ‘या भिंतीत खिळा बसत नाही’ हे शेवटच्या आठवड्यात कळतं. शब्दांवर शेवटचा अधिकार एकाच माणसाचा असू द्या.

परवानग्या आणि उसन्या वस्तू

अस्सल वस्तू एक-दोनच आणल्या तरी पुरे. उदाहरणार्थ, जुन्या कालखंडाच्या पेटीत सातवाहनांची शिशाची नाणी. आपल्या कायद्यानुसार (१९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा) १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणून नाणी किंवा पोथी देणाऱ्याकडे नोंदणीची कागदपत्रं आहेत का, हे तोंडी विचारून भागत नाही, प्रत घ्या. करारात मुदत, ठेवण्याची जागा, प्रकाशाची मर्यादा, वाहतूक कोण करणार आणि विमा कधीपासून कधीपर्यंत, एवढं हवंच. विमा वस्तू मालकाच्या कपाटातून निघते तिथून सुरू होऊन ती त्याच कपाटात परत जाईपर्यंत असावा. नुकसान बहुतेकदा दालनात होत नाही, गाडीत आणि जिन्यावर होतं.

वस्तू ताब्यात घेताना मालकासमोरच स्थितीची नोंद करा: पुढून, मागून, चारही कडांनी आणि एकदा बाजूनं तिरका प्रकाश टाकून फोटो, प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी. दोघांच्या सह्या. परत करताना हीच नोंद समोर ठेवायची असते.

चित्रांचे फोटो वापरताना ज्या संस्थेकडे मूळ प्रतिमा आहे तिची लेखी परवानगी घ्या. इंटरनेटवर दिसतं म्हणजे मोकळं असतं, असं नाही. उत्तर यायला सहा-आठ आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिला मेल तिसऱ्या आठवड्यात गेला पाहिजे.

प्रकाश

लेण्यांत चित्रं अंधारात आहेत. दालनात थोडा तरी तो अंधार आणल्याशिवाय चित्रकाराची अडचण कळत नाही. पण बाहेरच्या उन्हातून थेट अंधूक दालनात आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही आणि ‘लाइट लावा’ अशी तक्रार सुरू होते. म्हणून दारापासून १० फुटांचा पट्टा उतरत्या उजेडाचा करा: सुरुवातीला ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), मग १५०, मग ५०. लक्समीटर विकत किंवा भाड्यानं घ्या. फोनमधल्या अॅपवर भरवसा ठेवू नका, दोन फोन दोन आकडे दाखवतात.

जलरंग, कापड, हस्तलिखित यांच्यावर ५० लक्सच्या वर जाऊ नका. दगड आणि धातूला तशी मर्यादा नाही. आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते: प्रकाशाचं नुकसान साचत जातं. ५० लक्स, रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. सर्वांत नाजूक रंगांसाठी वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा सुचवली जाते. ती ३७ दिवसांतच संपते. तेव्हा तीन महिन्यांच्या प्रदर्शनात नाजूक जलरंग ठेवायचे असतील तर महिन्याभरानं चित्र बदलत राहा किंवा पहिल्यापासून उत्तम प्रतिकृती लावा आणि तिच्यावर ‘प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहा. खिडक्यांना काळा पडदा हवाच. एकाच तिरिपेनं सगळा हिशेब बिघडतो.

दिवे एलईडी, ३००० केल्विनचे, रंगदर्शकता (दिव्यावर लिहिलेला सीआरआय) ९० च्या वर. स्वस्त दिव्यांत लाल रंग मेलेला दिसतो आणि अजिंठ्यात लाल मेला तर उरतंच काय! काचेसमोरचा दिवा साधारण ३० अंशांच्या कोनात वरून सोडा. समोरून सोडला तर बघणाऱ्याला काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो.

गिलाव्याच्या सहा फरशा

दालनाचा पहिला मोठा थांबा म्हणजे भिंत कशी घडली ते दाखवणाऱ्या, हात लावता येणाऱ्या सहा फरशा. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. आधी दगडावर मातीचा भरड गिलावा, त्यात तूस आणि वनस्पतींचे धागे. त्यावर बारीक मातीचा थर. त्यावर पातळ पांढरी सफेती. आणि हे सुकल्यावर वर चिकट द्रवात कालवलेले रंग. इटलीतल्या ओल्या गिलाव्याच्या चित्रांशी गल्लत करणारे फलक अजूनही दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं.

पाथरवटाकडून ३० बाय ३० सेंटिमीटरच्या, ३ सेंटिमीटर जाडीच्या काळ्या दगडाच्या सहा फरशा घ्या. पृष्ठभाग टाकीचे घाव असलेला, खडबडीत हवा. पॉलिश केलेल्या फरशीवरून गिलावा सपशेल सुटतो. एक फरशी तशीच ठेवायची. उरलेल्या पाचांवर सुमारे दीड सेंटिमीटर गिलावा लागतो, म्हणजे सात लिटरच्या आसपास माल. तो सुकताना आकसतो आणि काही वाया जातो, म्हणून दहा लिटर बनवा.

प्रमाण: चाळलेली माती ३ भाग, बारीक वाळू १ भाग, तूस १ भाग, आणि मूठभर ताग बोटभर लांबीचे तुकडे करून. ही दालनापुरती चालणारी कृती आहे. लेण्यातल्या गिलाव्याचं हे मोजमाप नव्हे, आणि तसं फलकावर लिहा. माती, तूस आणि पाणी एकत्र करून दोन दिवस मुरू द्या, मग पायानं किंवा हातानं तुडवा. फरशी आधी पाण्यानं भिजवून घ्या, नाहीतर कोरडा दगड गिलाव्यातलं पाणी शोषतो आणि थर उचलला जातो. गिलावा दाबून लावा आणि सावलीत आठ-दहा दिवस सुकवा. उन्हात ठेवला की चिरतो. सावलीतही चिरला तर माती जास्त चिकट आहे. वाळूचा भाग दीडपट करा.

चार फरशांवर वस्त्रगाळ मातीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या. त्यांतल्या तिघींवर चिनी मातीच्या पातळ सफेतीचे दोन हात. दोघींवर कावेच्या (तांबड्या मातीच्या) रंगात रेखाटन. शेवटच्या एकीवर रंग भरून काळ्या-तपकिरी रेषेनं पुन्हा बांधणी. अशी सहा पायऱ्यांची रांग होते. एकेक फरशी दहा किलोच्या घरात जाते, तेव्हा टेबल पत्र्याच्या पायांचं नको; जाड लाकडी घ्या, उंची ८० सेंटिमीटर, खाली मोकळी जागा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतला माणूसही जवळ येऊ शकेल.

रंगासाठी डिंकाचं पाणी: बाभळीचा डिंक १ भाग, गरम पाणी २ भाग, रात्रभर ठेवून गाळून. रंगाच्या पुडीत तेवढंच डिंकाचं पाणी घालून खलात घोटा. डिंक जास्त झाला तर रंग चमकतो आणि पापुद्रे उडतात. कमी झाला तर बोटाला येतो. दालनात एका जास्तीच्या तुकड्यावर ओल्या कापसाचा बोळा फिरवून दाखवा, रंग लगेच उतरतो. लेण्यात दमटपणाची, श्वासाच्या वाफेची आणि झिरपणाऱ्या पाण्याची एवढी धास्ती का, हे त्या बोळ्याइतकं कुठलाही फलक सांगू शकत नाही. तूस आणि धागे बघून मुलं विचारतातच की किडे खात नाहीत का. खातात, गिलाव्यातले सेंद्रिय पदार्थ खाणाऱ्या कसरीनं अजिंठ्यात खरोखर नुकसान केलं आहे.

निळ्याचं टेबल

दालनाच्या मध्यभागी, सगळ्यात उजळ जागी हे टेबल असावं. साहित्य: लाजवर्दाचे दोन खडे, बदख्शानचा नकाशा, हिरवी माती असलेला दख्खनी दगडाचा तुकडा, काव, पिवळी माती, काजळी, चिनी माती, आणि एका डबीत कपड्यांना लावायची पुडीची नीळ.

खडे घेताना रंगवलेला पांढरा दगड गळ्यात पडू शकतो. कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेऊन दगड पुसा. बोळा निळा झाला तर परत करा. अस्सल लाजवर्दात निळ्याबरोबर पांढऱ्या शिरा आणि सोनेरी ठिपके असतात.

मग खरी गंमत. लाजवर्द खलबत्त्यात कुटला तर गर्द निळा मिळेल असं वाटतं, पण हाती येते राखाडी-निळी पूड. पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट तिच्यात मिसळलेले असतात. निळेपण फक्त लाजुराइट या खनिजाचं, आणि तेही त्यातल्या गंधकामुळे. आता पूड पाण्याच्या उंच ग्लासात घालून ढवळा, अर्धं मिनिट थांबा आणि वरचं पाणी दुसऱ्या ग्लासात ओता. पुन्हा थांबा, तिसऱ्यात ओता. पहिल्या ग्लासात बसलेली भरड पूड गर्द दिसते, तिसऱ्यातली बारीक पूड फिकी. कण जेवढा बारीक तेवढा प्रकाश जास्त विखुरतो आणि रंग पांढुरका होतो. म्हणजे रंग किती घोटायचा हाही चित्रकाराचा निर्णय असतो. जास्त मेहनत केली की रंग वाया जातो. कला आणि विज्ञान एकाच ग्लासात दिसण्याची ही जागा, म्हणून इथे घाई करू नका. तिन्ही पुडी सुकवून एकाच पांढऱ्या फरशीवर तीन पट्ट्यांत लावा आणि यूएसबी सूक्ष्मदर्शक शेजारी ठेवा. ५० ते १०० पट पुरेत. त्याचा पडदा चित्राच्या समोर नको, बाजूला हवा. समोर असला तर सगळे पडदाच बघतात.

कुटण्याचं काम प्रेक्षकांसमोर असेल तर मास्क लावूनच आणि झाकणाच्या पेटीत. हरताळ आणि हिंगूळ हे जुने रंग दालनात आणूच नका. एकात आर्सेनिक असतं, दुसऱ्यात पारा.

पुडीच्या निळीची डबी बघून लोकांचे चेहरे उजळतात, कारण ती घरातली. लाजवर्दातला निळा आणि ही नीळ रसायनाच्या दृष्टीनं भावंडं आहेत. १८२८ च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत तो निळा कृत्रिमरीत्या बनवता आला आणि जो रंग डोंगर ओलांडून यायचा, तो धोब्याच्या बादलीत पोचला.

लाख, आग आणि नकला

तिसरा थांबा सापडल्यानंतरच्या अजिंठ्याचा. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख चक्क खांबावरच्या चित्रावर कोरली. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल नकला करायला नेमले गेले. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा लेण्यांत बसले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत जळाल्या. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर बंगालचे चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांनी नकला केल्या.

ही सनावळ फलकावर ओतू नका. एकच आकृती घ्या आणि तिची जुनी नकल, जुना फोटो आणि आजचा फोटो एकाच मापात शेजारी लावा. खाली एवढंच विचारा: काय हरवलं? दोन माणसं एकमेकांना बोट दाखवून सांगू लागतात. नकल म्हणजे पुरावाही असतो आणि नकलकाराचा डोळाही, हे त्यांना आपोआप जाणवतं. ओठांची रेषा प्रत्येकानं थोडी वेगळी ओढलेली असते.

शेजारी लाखेचा प्रयोग. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारनं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. सुटणारे रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी स्पिरिटमधली लाख वापरली. रंग धरले गेले, पण लाख काळाबरोबर पिवळी-तपकिरी होत गेली आणि चित्रांवर तिचा पडदा आला. तो हलक्या हातानं काढण्याचं काम पुढच्या पिढ्यांवर पडलं. दाखवायचं कसं? १०० ग्रॅम चपडी लाख ५०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा (आगीपासून लांब), गाळा आणि रंगवलेल्या फरशीच्या अर्ध्या भागावर दोन हात द्या. निळा लगेच हिरवट दिसू लागतो. मग फरशी काळ्या खोक्यात ठेवून अतिनील टॉर्च सोडा: लाख लावलेला भाग नारिंगी चमकतो. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्त ३९५ वाला एवढा जांभळा उजेड फेकतो की नारिंगी चमक त्यात बुडते. खोक्याच्या झरोक्याला अतिनील किरण अडवणारी अॅक्रिलिकची शीट लावा म्हणजे डोळ्यांना त्रास नाही, आणि टॉर्च आतच घट्ट बसवा.

इथे निवाडा करू नका. त्या काळात हाताशी असलेला तो चांगला उपाय होता. आपण आज लावतो ते द्रव पन्नास वर्षांनी कसे दिसतील, हा प्रश्न प्रेक्षकाला स्वतःहून पडला पाहिजे.

छपाई

किमान एक आकृती मूळ मापात छापा. चित्र छोटं छापलं की ते पुस्तकातलं पान होतं. मूळ मापात समोर आलं की माणूस मागे सरकतो. दीड मीटर उंचीच्या छपाईला इंचाला १५० पिक्सेल धरले तर उभ्या बाजूला सुमारे ८,८५० पिक्सेलची फाइल लागते. एवढी नसेल तर माप कमी करा, फाइल ताणू नका. फ्लेक्स नको, तो चमकतो आणि वळ्या पडतात. सनबोर्डवर मॅट छपाई घ्या. आधी ए-४ आकाराचा नमुना छापून दालनातल्याच दिव्याखाली बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बरोबर वाटलेली काव दालनात विटकरी होते. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर.

पेट्या

शिशाची नाणी प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या नव्या पेटीत ठेवली की काही आठवड्यांत त्यांच्यावर पांढरी भुकटी येऊ शकते. लाकडातून आणि गोंदातून सुटणारी आम्लं शिशाला खातात. पेटी पत्र्याची आणि काचेची करा. लाकूडच वापरावं लागलं तर ती तीन-चार आठवडे उघडी वाळवा आणि आतून अॅल्युमिनियमचा थर असलेली शीट लावा. नाण्याखाली लोकर किंवा मखमल नको, धुतलेलं बिनरंगी सुती कापड घ्या. पेटीत छोटा तापमान-आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता किती आहे यापेक्षा ती दिवसभरात किती हेलकावे खाते हे जास्त जाचक असतं. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद, ही त्या दृष्टीनं वाईट सवय.

लेबल

सुरुवातीचा फलक १२० ते १५० शब्दांचा, वस्तूचं लेबल ४० ते ६० शब्दांचं. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा आणि मजकूर २४ पॉइंटच्या खाली आणू नका. काळसर राखाडी अक्षर, फिक्या मातकट पार्श्वभूमीवर. मराठी आधी, मोठ्या अक्षरात.

असं लिहू नका: ‘लाजवर्द हे सोडियम, अॅल्युमिनियम व गंधकयुक्त सिलिकेट असून प्राचीन काळी त्याची आयात बदख्शान प्रांतातून होत असे. वाकाटककालीन चित्रांत त्याचा वापर आढळून येतो.’ यात चूक काहीच नाही, फक्त वाचणाऱ्याचे डोळे लेबलवरून चित्राकडे जातच नाहीत.

असं लिहा: ‘हा निळा इथला नाही. शेजारचा हिरवा याच डोंगराच्या दगडात सापडतो. निळा दगड बदख्शानहून, १,८०० किलोमीटरवरून आला. चित्रात निळा किती ठिकाणी आहे, मोजा. एवढ्या लांबून आलेला रंग चित्रकारानं कुठे खर्च केला आणि कुठे हात आखडता घेतला?’

पहिलं वाक्य डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचं असावं. संज्ञा आलीच तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात. वाचून झाल्यावर पुन्हा चित्राकडे बघायला लावेल असं काहीतरी शेवटी हवं. लेबल मोठ्यानं वाचा. श्वास जिथे तुटतो तिथे वाक्य तोडा.

चाचणी, मग चालवणं

सोळाव्या आठवड्यात सगळे फलक साध्या कागदावर छापून हॉलमध्ये चिकटपट्टीनं लावा आणि पाच-सहा जणांना आणा: सातवीतलं मूल, निवृत्त शिक्षक, हॉलचा शिपाई, भाजीवाली बाई, चित्रकार. काही समजावू नका. कुठे थांबतात, कुठे मागे वळतात, कुणाला काय विचारतात एवढं टिपा. शेवटी एकच प्रश्न: ‘घरी जाऊन काय सांगाल?’ उत्तरात निळा आला नाही तर दोष त्यांचा नाही, मांडणीचा आहे. बहुतेक वेळा निळ्याचं टेबल आतल्या कोपऱ्यात गेलेलं असतं किंवा त्याच्याआधी तीन फलक जास्त झालेले असतात.

वाटा सहा फूट रुंद ठेवा. शाळेच्या ५० मुलांना एकदम आत सोडू नका. वीस-वीसचे गट करा आणि बाकीच्यांना बाहेर काव, काजळी आणि चुन्यानं कागदावर रेखाटायला बसवा. आत आल्यावर ती फरशांकडे वेगळ्या नजरेनं बघतात. टचस्क्रीन टाळा. एकदा बंद पडली की दालन बंद पडल्यासारखं वाटतं; तेवढ्या पैशात दोन जास्तीचे दिवे आणि एक सहायक येतो.

सहायकाला पाठ केलेलं भाषण देऊ नका. त्याला तीन प्रश्न द्या आणि निळ्या पुडीचे तीन ग्लास रोज सकाळी ताजे करायला सांगा. रात्री ठेवलेल्या ग्लासात सगळी पूड तळाशी बसते आणि फरक दिसत नाही. लक्समीटर आणि आर्द्रतामापकाचे आकडे रोज दोनदा वहीत. डिंकाचं पाणी चार-पाच दिवसांत आंबतं, तेव्हा थोडंथोडं करा.

उतरवताना

शेवटच्या दिवशी गर्दी असते आणि दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा करून हवा असतो. उसन्या वस्तू याच घाईत फुटतात. करारात उतरवण्यासाठी दोन पूर्ण दिवस आधीच लिहून घ्या. अस्सल वस्तू सर्वांत आधी, स्थितीची नोंद समोर ठेवून, मालकाच्या उपस्थितीत. फोटो जुळले की सही. फरशा पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवू नका, गिलावा कडेनं सुटतो. आडव्या, मध्ये फोम शीट घालून, दोनपेक्षा जास्त थर न करता ठेवा. लाख लावलेली फरशी मात्र वेगळी काढा, तिच्या मागे लाख लावल्याची तारीख लिहा आणि दर वर्षी त्याच दिव्याखाली, त्याच रंगपट्टीसह तिचा एक फोटो घ्या.